तान्ह्या लेकराची साखर कोण तपासणार?

साखरेचा आजार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं कोण येतं? पन्नाशी ओलांडलेला, ढेरी सुटलेला, हॉटेलात बिनसाखरेचा चहा मागणारा माणूस. अंगावर पिणाऱ्या लेकराला साखरेचा आजार होतो असं कुणी पारावर बसून सांगितलं, तर चार माणसं ते हसण्यावारी नेतील. पण होतो. दोन महिन्यांच्या, चार महिन्यांच्या, वर्षाच्या लेकरालाही होतो. आणि तो वेळेवर ओळखला नाही तर लेकरू काही दिवसांत हातचं जातं. मग मागाहून कारण सांगितलं जातं न्यूमोनियाचं, नाहीतर हगवणीचं, नाहीतर नुसतंच 'ताप आला होता' असं.

शेतीभातीच्या पानावर हा दवाखान्याचा विषय कशाला, असं वाचक विचारतील. या आजारावरचा इलाज शहरात होतो हे खरं, पण लेकरू शहरापर्यंत जिवंत पोचणार की नाही हे गावातच ठरतं. साखर तपासायचं यंत्र आता गावोगावच्या उपकेंद्रात आलं आहे. सरकारचा कार्यक्रम ३० वर्षांवरच्या माणसांसाठी, म्हणून ते यंत्र बाप्ये आणि म्हाताऱ्यांच्या बोटाला लागतं. आजारी लेकराच्या टाचेला ते लावावं, असं सहसा कुणाच्या मनातच येत नाही. ते यावं, एवढंच या लेखाचं मागणं आहे.

आजार आहे तरी काय?

आपण खातो-पितो त्याची साखर होऊन रक्तात येते. ती रक्तातून पेशींत जायला इन्सुलिन नावाचा रस लागतो. तो पोटातल्या स्वादुपिंडात तयार होतो. हा रस तयारच झाला नाही किंवा तयार होऊन बाहेर पडला नाही, तर साखर रक्तातच साचते आणि लघवीवाटे वाहून जाते. जाताना अंगातलं पाणीही ओढून नेते. बांध फुटलेल्या वावरात कितीही पाणी सोडा, पीक वाळतंच. तसं लेकरू पोटभर पितं आणि तरीही वाळत जातं.

जन्मापासून पहिल्या सहा महिन्यांत हा आजार दिसला तर तो बहुतेक वेळा एका जनुकातल्या बिघाडामुळं असतो. त्याला नवजात मधुमेह म्हणतात. वर्षाच्या आसपास किंवा त्यानंतर दिसला तर बहुधा तो टाइप १ मधुमेह असतो. त्यात शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकते.

इथं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नवजात बाळाची साखर वाढलेली दिसली म्हणजे प्रत्येक वेळी मधुमेहच असतो असं नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, फार कमी वजनाच्या बाळाला शिरेतून ग्लुकोज चालू असेल, किंवा अंगात जंतुसंसर्ग असेल, तर साखर थोडे दिवस वाढते. ग्लुकोजचं प्रमाण कमी केलं, संसर्गावर इलाज केला की ती उतरते. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात हे तपासतात आणि सांभाळतात. आपली अडचण लेकरू घरी आल्यानंतरची आहे.

तीन ठिकाणी घात होतो

पहिला घात धापेचा. इन्सुलिन नसलं की शरीर साखर वापरू शकत नाही, म्हणून चरबी जाळतं. त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्तातलं आम्ल वाढतं. ज्यांच्या गोठ्यात संकरित गाई आहेत त्यांना कितनबाधा माहीत आहे. जास्त दुधाची गाय व्याल्यावर खुराक सोडते, दूध आटतं, तोंडाला गोडसर वास मारतो. तो वास याच कीटोनचा. फरक एवढाच, की गाईच्या रक्तात साखर कमी पडलेली असते आणि लेकराच्या रक्तात ती उदंड असून कामाला येत नाही. आम्ल बाहेर टाकायला लेकरू खोल आणि भराभर श्वास घेतं. आशाताई श्वास मोजतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा जास्त, आणि दोन महिने ते वर्षाच्या बाळाचा ५० किंवा जास्त श्वास असेल तर न्यूमोनियाचा संशय घ्या, असं त्यांना शिकवलेलं आहे. ते बरोबरच आहे. पण न्यूमोनियाचं औषध देऊनही धाप उतरत नाही, खोकला नाही, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो, तेव्हा साखर बघायला नको का?

दुसरा घात पाणी कमी झाल्याचा. लेकरू ओकतं, डोळे खोल जातात, टाळू बसते, जीभ कोरडी पडते. सगळे म्हणतात, हगवणीनं पाणी कमी झालं. इथं प्रत्येक आईनं आणि आजीनं एक खूण मनात पक्की धरावी. हगवणीनं सुकलेल्या लेकराची लघवी कमी होते. साखरेच्या आजारानं सुकलेलं लेकरू मात्र सारखं लघवी करत राहतं. लेकरू सुकलंय आणि लंगोट भिजतोच आहे, हे दोन्ही एकदम दिसलं की तासभरही वाट पाहायची नाही. वाळलेला लंगोट चिकट, कडक लागतो. लघवीला मुंग्या लागतात. ही मुंग्यांची खूण आपल्या जुन्या वैद्यांनाही ठाऊक होती. मधुमेह हे नावच तसं आहे.

अशा वेळी गावात काय होतं? 'अशक्तपणा आलाय, ग्लुकोजची बाटली लावा' असं घरचेच डॉक्टरला सांगतात. ज्याच्या रक्तात आधीच साखरेचा पूर आलाय, त्याला वरून आणखी साखर! एक टोचणी आधी केली असती तर हे टळलं असतं. यातून कुणी जलसंजीवनी वाईट असा अर्थ मात्र काढू नये. हगवणीत जलसंजीवनी हाच इलाज आहे आणि तोच राहील. पण हगवण नसताना लेकरू सुकलं, तर ते का सुकलं हे आधी विचारा.

तिसरा घात वजनाचा. अंगणवाडीत महिन्याला वजन होतं. लेकरू भरपूर पितं, तरी वजन उतरतं. मग ते कुपोषित म्हणून वहीत चढतं आणि आईला सांगितलं जातं, 'खाऊ-पिऊ घाला.' आई बिचारी आणखी पाजते. बहुतेक लेकरांच्या बाबतीत तेच बरोबर असतं. पण पिणं वाढूनही वजन घटत असेल तर आजार दुसराच असू शकतो. अशा लेकराची साखर बघितल्याशिवाय अंगणवाडीची वही बंद करू नये.

आईला बोल लावू नका

घरात असं लेकरू निघालं की बोट आईकडं जातं. 'डोहाळ्यात गोड खाल्लं', 'ग्रहणात भाजी चिरली', 'हिच्या माहेरीच साखर आहे'. यातलं काहीही खरं नाही. गोड खाल्ल्यानं तान्ह्या लेकराला हा आजार होत नाही. आईला गरोदरपणात साखर असली तर बाळ बहुधा मोठ्या वजनाचं जन्मतं आणि जन्मल्यावर त्याची साखर वाढत नाही, उलट खाली जाते. नवजात मधुमेहाचा जो मुख्य प्रकार आहे, त्यात बिघाड पुष्कळदा त्या बाळातच नव्यानं झालेला असतो, आई-बापांकडून आलेला नसतो. काही प्रकार मात्र नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडं अजून आहे. अशा घरात आधी एखादं तान्हं मूल असं गेलं असेल तर पुढच्या बाळंतपणाआधी तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. त्यासाठी सुनेला घालूनपाडून बोलायची गरज नाही.

बाळगुटी, मध, गुळाचं पाणी यांनी हा आजार होत नाही; म्हणून ते द्यावं असंही नाही. वर्षाच्या आतल्या लेकराला मध देणं दुसऱ्याच कारणानं, त्यातल्या जंतूंमुळं, धोक्याचं आहे. आणि साखर निघाली म्हणून तान्ह्या लेकराला कारल्याचा रस, कडूनिंबाचा काढा पाजणाऱ्यांना तर हात जोडून सांगणं आहे, तसलं काही करू नका.

इलाज आहे, आणि कधी कधी फार स्वस्त आहे

१९२२च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटो शहरात इन्सुलिन पहिल्यांदा एका १४ वर्षांच्या मुलाला दिलं गेलं. त्याआधी या आजारातली लेकरं फार दिवस जगत नसत. आज इन्सुलिनवर लेकरं वाढतात, शाळा शिकतात, संसार करतात.

नवजात मधुमेहात तर आणखी एक गोष्ट घडली आहे. २००४ साली इंग्लंडमधल्या एक्झिटर इथल्या डॉ. अँड्र्यू हॅटर्सली यांच्या गटानं या आजारामागचा एक मोठा जनुक शोधून काढला. स्वादुपिंडाच्या पेशीला एक दार असतं. साखर वाढली की ते मिटलं पाहिजे, मग पेशी इन्सुलिन सोडते. या लेकरांत ते दार उघडंच अडकून बसतं, चारीचं दार गंजून अडकावं तसं. ते मिटवणारी गोळी जुनीच निघाली. आपल्या म्हाताऱ्या माणसांना साखरेसाठी वर्षानुवर्षं दिली गेलेली ग्लिबेनक्लामाइड! २००६ साली याच गटानं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा बिघाड असलेल्या ४९ जणांना ही गोळी दिली; त्यातल्या ४४ जणांचं इन्सुलिन बंद झालं. दिवसाला अनेक टोचण्यांची जागा गोळीनं घेतली. ती गोळी मेडिकलमधून आणून मनानं द्यायची नाही. जनुकाची तपासणी करून, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच ती सुरू होते. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये या तपासणीवर काम चालतं. म्हणून सहा महिन्यांच्या आत साखर निघालेल्या प्रत्येक लेकराच्या आई-बापांनी डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा, 'साहेब, जनुकाची तपासणी करायची का?' शिवाय नवजात मधुमेहाची जवळपास निम्मी लेकरं काही आठवड्यांत-महिन्यांत बरी होतात. मोठेपणी आजार परत येऊ शकतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं, एवढंच.

ज्यांना इन्सुलिन घ्यावंच लागतं त्यांच्यासाठी दोन गोष्टी. इन्सुलिनच्या बाटल्या ४० आणि १०० अशा दोन ताकदींच्या मिळतात आणि सिरींजही त्याप्रमाणं वेगळ्या असतात. ४०ची लाल टोपीची, १००ची केशरी टोपीची. अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपट चुकते. तान्ह्याला अर्धा युनिटसुद्धा जास्त होऊ शकतो, हे दुकानदारानं आणि घरच्यांनी ध्यानात ठेवावं. दुसरं म्हणजे थंडावा. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नाही. लसीचा फ्रिज फक्त लसींसाठी असतो. घरी फ्रिज नसेल तर दूध संकलन केंद्र किंवा मेडिकल दुकानाच्या फ्रिजमध्ये गावानं जागा करून द्यावी. चालू बाटली कोरड्या डबीत घालून, पाण्यानं ओल्या ठेवलेल्या मडक्यात, सावलीला ठेवता येते.

'लाखात एक, त्याची एवढी चिंता?'

कुणी म्हणेल, नवजात मधुमेह लाखभर जन्मांत एखाद्याला होतो. एवढ्यासाठी सगळ्या यंत्रणेला कामाला का लावायचं? हिशेब करू. आपल्या राज्यात वर्षाला १५ लाखांहून जास्त बाळं जन्मतात. म्हणजे दर वर्षी १५-२० लेकरं तरी या आजाराची. शिवाय टाइप १ मधुमेहाची लहान मुलं वेगळी. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या अंदाजानं भारतात २० वर्षांखालची अशी दोन लाखांवर मुलं-मुली आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टाचेची तीच टोचणी साखर कमी झालेलीही दाखवते. कमी वजनाच्या, नीट न पिणाऱ्या, थंड पडलेल्या तान्ह्यांत साखर उतरणं हे पुष्कळ जास्त आढळतं, आणि त्यानं मेंदूला कायमची इजा होते. एका टोचणीत दोन्ही कळतात. खर्च? एका पट्टीचे साधारण पंधरा-वीस रुपये. आपण वावरातली माती तपासतो, डेअरीत दुधाची फॅट रोज तपासतो. आजारी लेकराच्या रक्ताचा एक थेंब तपासायला आपल्याला जड वाटावं?

'गावातल्या बाईमाणसाला हे जमायचं नाही' असं म्हणणाऱ्यांना गडचिरोलीचं उदाहरण पुरे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना तान्ह्या बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्या श्वास मोजत, वजन करत, जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शनही देत. नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आज देशभर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात, त्याचं मूळ त्या कामात आहे. ज्या बायकांनी तेवढं करून दाखवलं, त्यांच्या बहिणींना लंगोट आणि मुंग्यांची विचारपूस जमणार नाही?

आता करायचं काय?

आशाताई आणि अंगणवाडी ताईंनी भेटीच्या वेळी तीन प्रश्न जादा विचारावेत. लघवी नेहमीपेक्षा फार होते का? लघवीला मुंग्या लागतात का? पिऊनही वजन उतरतंय का? एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर उपकेंद्र गाठावं.

उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि नर्सताईंनी धाप, ओकारी, गुंगी, झटके किंवा वजन घट असलेल्या प्रत्येक लेकराची साखर आधी बघावी. वर्षाच्या आतल्या बाळाला टाचेच्या कडेला टोचावं, मधोमध नाही. टाच धुऊन कोरडी करावी. गूळ-साखरेचा हात लागला असेल तर आकडा खोटा वाढतो. लक्षणं आहेत आणि आकडा २००च्या वर आहे, तर लगेच जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजला पाठवावं. २००च्या खाली आला म्हणून आजारी तान्ह्याला घरी धाडू नये. आकडा डॉक्टरांना कळवावा. यंत्रावर आकड्याच्या जागी 'हाय' आलं तर यंत्र बिघडलं असं समजून बाजूला ठेवू नका. साखर यंत्राच्या मोजण्यापलीकडं गेली, असा त्याचा अर्थ आहे.

घरच्यांनी दवाखाना-दवाखाना फिरत बसू नये. १०८ किंवा १०२ला फोन करावा. लेकरू शुद्धीवर असेल तर वाटेत अंगावर पाजत राहावं. साखरपाणी, ग्लुकोज पावडर देऊ नये. सलाईन भराभर चढवण्याचा आग्रहही धरू नये. या आजारात ते बेतानंच भरावं लागतं, नाहीतर मेंदूला सूज येऊ शकते. आणि पैशाच्या भीतीनं थांबू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात तपासणी, औषध आणि गाडी मोफत आहे. मुलगी आहे म्हणून 'बघू सकाळी' असं तर मुळीच म्हणू नये.

सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी (आता ग्रामपंचायत अधिकारी) दोन कामं. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. दर वर्षी तीच भांडी आणि सतरंज्या घेण्यापेक्षा उपकेंद्रात पट्ट्या संपल्या असतील तर त्या त्यातून घ्या. आणि जन्म-मृत्यूची नोंद तुमच्याकडं होते. वर्षाच्या आतलं लेकरू गेल्याची नोंद करताना 'साखर तपासली होती का?' एवढा एक प्रश्न विचारा आणि उत्तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा.

शेवटचं मागणं सरकारकडं. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ला आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्या वेळच्या ३० आजारांच्या यादीत मधुमेह नव्हता. लेकरांची साखर तपासण्याचा लेखी आदेश आणि त्यासाठीच्या वेगळ्या पट्ट्या प्रत्येक उपकेंद्राला मिळाल्या पाहिजेत. 'तुमचं वय ३० नाही' म्हणून तान्ह्या लेकराला परत पाठवणारा कार्यक्रम अर्धाच म्हणावा लागेल.

येत्या ग्रामसभेत रस्ता, पाणी, घरकुल यांच्याबरोबर हाही विषय मांडा. उपकेंद्रातल्या ताईंना सभेत बोलवा, यंत्र आणि पट्ट्या दाखवायला सांगा. आपल्या गावात शेवटच्या कुठल्या लेकराची साखर तपासली, हे त्यांना सगळ्यांसमोर विचारा. उत्तर 'एकाचीही नाही' असं आलं तर रागावू नका. पुढच्या ग्रामसभेत वेगळं उत्तर कसं येईल, त्याचा ठराव त्याच दिवशी करा.